कोपरे दुमडलेली ट्यूब

१

शनिवारी सकाळी दुकानाचं शटर अजून पुरतं वर गेलं नव्हतं, तोच ताई वाकून आत शिरली आणि तिने चेहऱ्यावरचा स्कार्फ ओढून काढला.

"बघ," ती म्हणाली. "डोळे भरून बघून घे. हेच हवं होतं ना तुला?"

धाकटी बघतच राहिली. ताईचा चेहरा म्हणजे काही साधासुधा चेहरा नव्हे. बावीस वर्षं संध्याकाळी सातच्या बातम्या तिने वाचल्या होत्या, आणि तिला कधी न भेटलेली माणसंही तिला 'आमच्या बाई' म्हणत. आज तोच चेहरा गालांपासून हनुवटीपर्यंत लालबुंद झाला होता. नाकाच्या कडेने सालपटं सुटली होती, ओठांचे कोपरे चिरले होते, एक पापणी सुजून जड झाली होती.

खरं सांगायचं तर धाकटीला आधी वाईट वाटलंच नाही. आधी पोटात कुठेतरी गार वाटलं, आणि मग त्या गार वाटण्याची लाज वाटली. सेहेचाळिसाव्या वर्षीही सगळं घर जिला धाकटी म्हणतं, तिने जन्मभर ताईवर जळण्यावाचून दुसरं केलं काय होतं? रूप ताईचं, आवाज ताईचा, कौतुक ताईचं. धाकटीच्या वाट्याला वडिलांचं औषधांचं दुकान आणि त्याची मागची खोली, जिथे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे मलमं घोटून ॲल्युमिनियमच्या मऊ ट्यूबमध्ये भरायची. काउंटरवर दुकानाच्या कोल्ड क्रीमच्या डब्या मांडलेल्या असत. त्यांच्यावरही गेल्या वर्षापासून ताईच हसत होती. तो फोटो धाकटीनेच छापून घेतला होता, डब्या खपाव्यात म्हणून. प्रत्येक डबीवर बहिणीला चिकटवताना तिचा जळफळाट व्हायचा, तो भाग वेगळा.

"मंगळवारी ट्यूब नेलीस ना? चारच दिवस झाले," धाकटी म्हणाली.

"चार दिवसांत हे झालं. आधीची ट्यूब दोन महिने लावली, एक पुटकुळी उठली नाही. ही दुसरी मी स्वतः इथून नेली, तुझ्या हातातून." ताईने पर्समधून ट्यूब काढून काउंटरवर टाकली. "मन नव्हतं तुझं ही बनवताना, ते दिसतंच आहे. हिचे कोपरेसुद्धा बोटांना टोचतात. आधीच्या ट्यूबचे टोचत नव्हते."

"ताई, मी तुझ्या मलमात काही घालेन?"

"सोमवारी संपादक ठरवणार आहेत, सातच्या बातम्या माझ्याकडे राहणार की त्या नवीकडे जाणार. हे तुला माहीत होतं. माझ्यावर जळतेस, हे मला माहीत आहे." ताईचा आवाज बातम्यांसारखाच स्वच्छ होता. "सोमवारी सकाळपर्यंत काय घातलंस ते सांग. नाहीतर मी औषध खात्यात जाऊन लेखी तक्रार करणार. वडिलांचं दुकान आहे म्हणून गप्प बसणार नाही."

ती आली तशीच वाकून बाहेर पडली. परवाना गेला की दुकान गेलं, हे धाकटीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

२

तिने शटर आतून खाली ओढलं आणि ती ट्यूब घेऊन मागच्या खोलीत बसली.

शेपटाकडे, म्हणजे जिथून मलम भरतात त्या टोकाला, तीन दुमडी, पकडीने दाबलेल्या, कोपरे धारदार. काम तिचंच. पूर्वी ट्यूब बंद करायचं काम आई करायची. पंचवीस वर्षं याच स्टुलावर बसून तिने ते केलं. आई घरी बसल्यापासून धाकटीच भरते आणि धाकटीच दुमडते, आणि घाईत दुमडते. तिने मलम काचेवर पसरून पाहिलं, वहीतली वजनं पुन्हा ताडून पाहिली, डब्यात उरलेल्या औषधाशी मेळ घातला. चिठ्ठीत जेवढं ट्रेटिनॉईन लिहिलं होतं तेवढंच होतं. कणभर जास्त नाही.

मग तिने त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"लावणं आधी बंद करायला सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साधं मॉइश्चरायझर, बाकी तोंडाला काही नको. आठ-दहा दिवसांत उतरेल. पण मला नवल वाटतंय. व्हिटॅमिन एच्या पायऱ्या तुम्हाला माहीतच आहेत. रेटिनॉल सौम्य, त्याच्या वरची पायरी रेटिनाल, आणि सगळ्यात कडक ट्रेटिनॉईन. मी थेट वर कुणालाच चढवत नाही. तुमच्या बहिणीला आधी दोन महिने रेटिनाल दिलं. कुणाला थोडी लाली येते, कुणाची साल निघते, कातडीला सवय होईपर्यंत एवढं चालतंच. यांना काहीच झालं नाही. इतकी सोशिक कातडी मी क्वचित पाहिली, म्हणून तर पुढची पायरी दिली."

"काहीच झालं नाही?"

"साधी खाजसुद्धा नाही. आणि चार दिवसांत एवढं भाजायला रोज भरपूर थापावं लागेल. एवढं करणारं माणूस मूर्ख तरी असतं, नाहीतर त्याला कुणीतरी फसवलेलं असतं."

ताई काहीही असेल, मूर्ख नव्हती.

३

बातम्यांच्या ऑफिसात मेकअपची खोली म्हणजे एक लांब आरसा आणि त्याच्याभोवती बारा दिवे. नवी आरशासमोर बसून स्वतःच भुवया रेखत होती. वय बत्तीस. तिला सगळे नवीच म्हणत, ती सहा वर्षं तिथे असूनही.

"तुम्ही त्यांच्या बहीण," ती आरशातूनच म्हणाली. "मला विचारायला आलात ना, मी काय लावलं त्यांच्या तोंडाला?"

"लावलंत का?"

"नाही. पण मनात पुष्कळदा आलं." नवीने पेन्सिल खाली ठेवली. "मी लपवून कशाला ठेवू? सहा वर्षं मी सकाळी साडेपाचच्या बातम्या वाचते. त्या वेळी माणसं उठलेलीही नसतात. बाई सुट्टीवर गेल्या की मला सातची वेळ मिळते, आणि दुसऱ्या दिवशी लोक फोन करून विचारतात, आमच्या बाई बऱ्या आहेत ना? माझा किती तिळपापड होत असेल, सांगा."

धाकटीला तो किती होत असेल, हे तंतोतंत माहीत होतं. ही मुलगी तिला उगाचच आवडायला लागली.

"त्यांचं मलम पाहिलंत कधी?"

"पाहिलं. इथेच लावायच्या कधी कधी, घरी जायच्या आधी. मीही रेटिनाल लावते, बाजारातलं. मटाराच्या दाण्याएवढं, तेही एक दिवसाआड, कोरड्या चेहऱ्यावर, डोळे आणि नाकाच्या कडा सोडून. तरी पहिला महिना माझी साल निघत होती. त्या मात्र बोटभर घ्यायच्या आणि गळ्यापर्यंत चोपडायच्या. मी म्हटलं, बाई, जपून. तर म्हणाल्या, 'मटार तुझ्यासाठी. माझ्या कातडीला काही होत नाही.'" नवी कडवट हसली. "म्हटलं, असणारच. बहीण औषधवाली. माझं मलम पिवळं, कपड्याला लागलं तर डाग पडतो. त्यांचं लोण्यासारखं पांढरंशुभ्र. त्यांना काहीतरी खास मिळत असणार."

धाकटीने दोन महिन्यांपूर्वी स्वतःच्या हाताने भरलेलं मलम पिवळं होतं. रेटिनाल पिवळंच असतं.

४

ताईच्या घराची बेल वाजवली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. दार भावोजींनी उघडलं.

"ती आत झोपली आहे," ते कुजबुजले. "तू आलीस हे बरं केलंस, पण ती उठायच्या आत जा."

आई गॅलरीत होती. पंचाहत्तरी ओलांडलेली आई वडील गेल्यापासून ताईकडेच राहायची, आणि सकाळ-दुपार ऊन खात गॅलरीत बसायची. आज तिने खुर्ची उन्हाकडे पाठ करून भिंतीच्या सावलीत ओढून घेतली होती, वर रुंद काठाची टोपी घातली होती. दोरीवर तिच्या उशीचा अभ्रा वाळत होता. त्यावर फिकट पिवळे डाग होते.

"धुऊनही जात नाहीत," आई म्हणाली. "चहा सांडला होता."

"उन्हात नाही बसत हल्ली?"

"ऊन बाधतं गं या वयात." आईने टोपी पुढे ओढली. "जेवलीस का?"

आई तरतरीत दिसत होती. धाकटीला बरं वाटलं, आणि ती भावोजींकडे वळली. भावोजी स्वयंपाकघरात मोसंबी सोलत होते.

"भावोजी, रागावू नका. ताईने काम सोडावं असं तुम्हाला वाटतं ना?"

"वाटतं," ते शांतपणे म्हणाले. "हॉटेलात गेलो की वेटर तिच्याशी बोलतो, ऑर्डर मात्र मला विचारतो. मागे एकाने मला फोटो काढायला सांगितलं, त्या दोघांचा. नवरा आहे म्हटलं तर त्याला खरं वाटेना. जळतो मी, जळत नाही असं कोण म्हणेल? पण तिच्या चेहऱ्याला अपाय करायला मी काय वेडा आहे? आरशाच्या कपाटाला हात लावायची मला परवानगी नाही. ब्रशसुद्धा मी वेगळ्या कपात ठेवतो."

"त्या कपाटाला हात कोण लावतं?"

"ती. आणि आई, पुसायला."

"आधीची ट्यूब टाकली का तिने?"

"ती काही टाकते का? पिळून पिळून ठेवली असेल."

बाथरूममधल्या आरशाच्या कपाटाच्या खालच्या खणात ट्यूब होती, पार चपटी झालेली. त्याच खणात मागे एक जुनी जाड काचेची डबी होती. तिच्यावरचं लेबल इतकं पुसट झालं होतं की अंबाड्यातल्या एका बाईची नुसती रेघ उरली होती. धाकटीने ट्यूब पिळली. पांढरा ठिपका आला. तिने तो मनगटावर चोळला आणि नळाचं पाणी सोडलं. पाण्याचे थेंब वरच्या वर गोळा होऊन घरंगळले. मेण होतं त्यात, कोल्ड क्रीममध्ये असतं तसं.

मग तिने ट्यूबचं शेपूट उजेडात धरलं. चार दुमडी. दोन्ही कोपरे आत वळवून दाबलेले, कुणाच्या बोटाला लागू नयेत म्हणून. असं काम करणारे हात तिने लहानपणापासून पाहिले होते. ती तिथेच बाथटबच्या कडेवर बसली.

५

ताई उठली ती भांडायच्या तयारीनेच. पण धाकटीने तिला दिवाणखान्यात बसवलं, भावोजींना बसवलं, आणि दोन्ही ट्यूबा टीपॉयवर ठेवल्या. गॅलरीचं दार उघडंच होतं.

"मी सकाळपासून शोधत होते की तुझ्या ट्यूबमध्ये कुणी काय घातलं," धाकटी म्हणाली. "तिथेच चुकलं. नव्या ट्यूबमध्ये कुणी काहीच घातलेलं नाही. ती चिठ्ठीबरहुकूम आहे. घोळ जुन्या ट्यूबमध्ये आहे."

"जुनीने मला काही केलं नाही."

"तेच तर. काही केलं नाही, कारण तिच्यात औषधच नव्हतं. मी पिवळं रेटिनाल भरलं होतं, तू दोन महिने पांढरं कोल्ड क्रीम लावलंस. तुझ्या कातडीला सवय लागलीच नाही. तुला वाटलं आपली कातडी दगडाची, म्हणून तू बोटभर घेऊन रोज फासायला लागलीस. डॉक्टरीणबाईंना वाटलं तू पहिली पायरी चढलीस, म्हणून त्यांनी वरची दिली. आणि तू त्याच हाताने, तेवढंच बोटभर, पापण्यांपासून गळ्यापर्यंत चार दिवस ट्रेटिनॉईन चोपडलंस. पहिल्या ट्यूबसोबत मी सूचनांचा कागद दिला होता. वाचलास?"

"कसला कागद? मला कागद मिळाला नाही."

"नाहीच मिळणार."

भावोजी पुढे सरकले. "म्हणजे कुणीतरी शेपूट उघडून मलम बदललं. कधी?"

"तिने पहिल्यांदा लावायच्या आधी. लावल्यावर बदललं असतं तर पिवळ्याचं पांढरं झालेलं तिला दिसलं असतं. ट्यूब माझ्या दुकानातून निघाली आणि ताईच्या हातात पडली, त्या मधल्या वेळात." धाकटीने जुनी ट्यूब उचलली. "आणि बदलणाऱ्याला ट्यूब पुन्हा बंद करता येत होती. माझ्यापेक्षा सुबक. ताई, तूच म्हणालीस ना, हिचे कोपरे टोचत नव्हते?"

"पहिली ट्यूब मी आणली नव्हती," ताई सावकाश म्हणाली. "मला वेळ नव्हता. ती आणली..."

ती थांबली. धाकटीही थांबली. पुढचा शब्द दोघींपैकी कुणालाच उच्चारायचा नव्हता.

"सांग की," गॅलरीतून आवाज आला. "इथवर आलीस, आता कशाला अडखळतेस?"

६

आई आत आली. तिने टोपी काढली, चष्म्याच्या घरातून चार घड्यांचा कागद काढला आणि टीपॉयवर ठेवला. धाकटीचं अक्षर होतं. मटाराच्या दाण्याएवढं. आठवड्यातून दोन रात्री, मग एक दिवसाआड. चेहरा कोरडा करून. उन्हापासून जपावं. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण होती.

"सगळं पाळलं," आई म्हणाली. "एक दिवस चुकवला नाही. पिवळं माझ्या डबीत काढून घेतलं आणि त्या ट्यूबमध्ये माझं कोल्ड क्रीम भरलं. मेणाचं, मी घरी घोटते ते. म्हटलं, माझ्या क्रीमने कधी कुणाचं वाईट झालेलं नाही. हिला पुढे असलं कडक देतील, हे मला काय माहीत?" तिने ताईच्या गालाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "सकाळपासून बघवत नाहीये मला. वाटलं, नव्या ट्यूबचंच काहीतरी असेल."

"आई," ताई म्हणाली, "सोमवारी माझं..." आणि तिला पुढे बोलता येईना, कारण ओठ चिरले होते आणि डोळ्यांतलं पाणी गालांवर झोंबत होतं.

"मागायचंस ना माझ्याकडे," धाकटी म्हणाली. "मी करून दिलं असतं."

"मागितलं होतं. ट्यूब हातात देताना मी विचारलं, मला चालेल का गं हे? तू काय म्हणालीस?"

धाकटीला आठवलं. ती हसली होती. 'आई, आता काय करायचंय तुला,' म्हणाली होती, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली होती.

"पण तुला का हवं होतं?" ती म्हणाली. "खरंच विचारते."

आई आत गेली आणि ती जाड काचेची डबी घेऊन आली. पुसट लेबलावर अंगठा ठेवून तिने ती धाकटीपुढे धरली.

"ही कोण, ओळखतेस? लग्न झालं त्या वर्षी तुझ्या वडिलांनी चित्रकाराला दुकानात बसवून माझं चित्र काढून घेतलं. पन्नास वर्षं त्या डबीवर मी होते. बाया यायच्या आणि म्हणायच्या, त्या बाईंची डबी द्या. मागच्या खोलीत ट्यूब दुमडत बसलेली असले तरी मला ऐकू यायचं. गेल्या वर्षी तू एका दिवसात मला काढलंस आणि हिला लावलंस. मला विचारलंस?"

वर्षभर धाकटी त्या डब्यांकडे बघून जळत होती, तिथे ताई आहे आणि आपण नाही म्हणून. तिथे आधी कोण होतं, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. सकाळपासून ती चोर शोधत फिरत होती, आणि पहिली चोरी तिचीच निघाली.

"मला वाटलं," आई डबीकडे बघत म्हणाली, "दोन-तीन महिने लावलं, तोंड जरा उजळलं, तर तू आपणहून म्हणशील, आई, परत तुलाच लावू या. हिचं काय, हिला सगळं गाव बघतं. मला तेवढी एक डबी होती."

भावोजी हळूच उठले आणि सोललेली मोसंबी आणून सगळ्यांपुढे ठेवली. ताईने एक फोड उचलली, ओठांना झोंबेल म्हणून परत ठेवली, आणि म्हणाली, "तक्रार करायला मी आता कुठल्या खात्यात जाऊ?"

७

सोमवारी सातच्या बातम्या नवीने वाचल्या, आणि बऱ्या वाचल्या. तिघी जणी दुकानाच्या मागच्या खोलीत छोट्या टीव्हीपुढे बसून बघत होत्या.

"मान फार हलवते," ताई म्हणाली. तिच्या गालांवर मॉइश्चरायझर चमकत होतं. संपादकांनी 'बरं वाटेपर्यंत' म्हटलं होतं, आणि बरं वाटल्यावर काय होणार हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

"गळ्याला चुण्या आहेत तिच्या," आई समाधानाने म्हणाली. "गळ्याला लावत नसणार."

आई जुन्या स्टुलावर बसून ट्यूबचं शेपूट दुमडत होती. आत रेटिनॉल होतं, सगळ्यात सौम्य, चिठ्ठी डॉक्टरीणबाईंची आणि नाव आईचं. चार दुमडी झाल्या, तिने कोपरे आत वळवले आणि पकडीने दाबले.

"आई," धाकटी म्हणाली, "डब्यांची नवी लेबलं छापायला टाकते आहे. वडिलांच्या कपाटात तुझं ते मूळ चित्र आहे. तेच वापरू या ना?"

"ते नको." आईने ट्यूब खाली ठेवली. "त्यात मी एकवीस वर्षांची आहे. आत्ताचा काढ फोटो. दोन महिने मेहनत घेतली आहे मी."

"म्हणजे मला काढणार?" ताईने टीव्हीवरची नजर काढली. इतक्या वर्षांत तिचा आवाज असा बारीक झालेला धाकटीने ऐकला नव्हता. धाकटीला वाटलं आता पोटात गार वाटेल, पण या वेळी तसं काही वाटलं नाही.

दुकानाच्या डबीतलं क्रीम गेली पंधरा वर्षं धाकटीच घोटत होती, हे मात्र त्या दोघींपैकी एकीलाही आठवलं नाही, आणि ते तिला खुपलंच. तरी तिने हात पुसले आणि खिशातून फोन काढला. आईने स्टूल दिव्याखाली ओढलं, हनुवटी जरा वर उचलली आणि तोंड उजेडाकडे केलं.